मोजा शिवणारी बाई

मोहेईने आयुष्यभर काढलेली चित्रं, एक सोडून झाडून सगळी, मी मारली. यात माझा काही दोष नाही, धंदाच तसा आहे. चित्रकार पातळ कागदावर शाईने चित्र काढतो. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा, पाठीमागून बोटाने चोळून त्याचा पापुद्रा सोलायचा आणि वरून तेलाचा हात फिरवायचा. मग खालच्या रेघा काळ्याभोर दिसायला लागतात. सुरी घेऊन रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरत जायचं. फळी तयार होते तेव्हा कागदाचा भुगा झालेला असतो. संध्याकाळी माझी बायको तो केरसुणीने गोळा करून चुलीत टाकते.

त्या फळीवरून मग पुस्तकं छापली जातात, आणि लोक पान उलटून म्हणतात, काय मोहेईचा हात आहे. हात माझा असतो. पण ते जाऊ द्या, हे रडगाणं मी वीस वर्षं गातोय आणि अजून कोणी ऐकलेलं नाही.

मोहेई चित्रकोडी काढायचा. आमच्या एदो शहरातल्या माणसाला भात नसला तरी चालेल, कोडं हवं. नववर्षाच्या दिवसांत शेगडीभोवती रजईत पाय घालून सगळं घर बसतं, एकीकडे मोची, म्हणजे कुटलेल्या भाताच्या वड्या, भाजतात आणि दुसरीकडे कोड्यांचं पुस्तक या हातातून त्या हातात फिरतं. पानाच्या पुढच्या अंगाला चित्र, मागच्या अंगाला उत्तर. एखादा बेडूक चहा ढवळत बसलेला असतो, एखाद्या बगळ्याला मुंडकंच नसतं. चित्र उलटं असलं तर शब्द उलटा वाचायचा, अर्धं असलं तर शब्द अर्ध्यावर तोडायचा. आमच्या भाषेतलं एक अक्षर आणि पादणं यांचा उच्चार एकच, त्यामुळे दर दोन-चार पानांआड कोणीतरी कुल्ले वर करून पादत असतं. मोहेईचा त्यात हातखंडा होता. त्याच्या पादणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की ते कोरताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

तो त्या वर्षी थंडी सुरू होता होता तापाने गेला. नववर्षाच्या पुस्तकाचं गाठोडं तयार होतं. त्याची बायको ओशिगे ते जसंच्या तसं, गाठही न सोडता, तोकुएमोनकडे पोचतं करून आली. तोकुएमोन म्हणजे आमचा पुस्तकवाला. तो छापतो, तो विकतो, चित्रकाराला आणि मला कामाला तोच लावतो. कामाच्या कागदांना ओशिगे कधी हात लावत नसे. त्या घरात जागा तेवढीच, आठ पावलांत भिंत लागते, त्यामुळे मोहेई भिंतीकडे तोंड करून चित्रं काढायचा आणि ती त्याच्या पाठीमागे स्वयंपाकपाणी, शिवणटिपण करायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

तोकुएमोनने गाठोडं माझ्या कारखान्यात सोडलं. चिलीम पेटवून तो एकेक चित्र आणि त्याचं उत्तर जुळवत गेला. सगळं बरोबर निघालं, फक्त शेवटचं चित्र उरलं. त्याला उत्तर नव्हतं.

"गेनझो, हे काय असेल रे?" त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.

इतर कागदांसारखाच तो कागद, त्याच मापाचा, भोवती तशीच चौकट. चित्रात एक बाई पाठमोरी, जराशी वळून बसलेली. हातात कापडी मोजा, सुईतला दोरा दातांत धरून तोडायच्या बेतात. मानेवर केसांची एक बट सुटलेली. शेजारी अर्धा चिरलेला मुळा. रिकाम्या वाडग्यापाशी एक मांजर. भिंतीवर खिळ्याला टोपी. आणि दाराशी खडावांचा जोड, त्यातली एक सुलटी, एक पालथी.

"एक खडाव पालथी," तोकुएमोन म्हणाला. "म्हणजे खडावेतलं अक्षर उलटं. मुळा अर्धा. म्हणजे मुळ्याचं पहिलं अक्षर घ्यायचं."

"आणि मांजर?"

"मांजर आख्खं. आख्खंच घ्यायचं."

आम्ही दोघांनी जोडून पाहिलं. जे तयार झालं त्याला काही अर्थ नव्हता. मग मुळा आख्खा घेऊन मांजर अर्धं करून पाहिलं. तोकुएमोनची चिलीम विझली तरी त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने न्हाव्याला चित्राबद्दल सांगितलं. एदोत न्हाव्याला सांगितलं की दवंडी पिटायची गरज पडत नाही. गरम पाण्याच्या हमामखान्यात अंग चोळता चोळता लोक वाद घालू लागले. न्हावी म्हणे हे एका गावाचं नाव आहे. टोफूवाला म्हणे ही भाजी आहे, आणि मुळा मुद्दाम फसवायला ठेवलाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोबाच्या शेवया विकणारा तर चित्र न बघताच उत्तर सांगत होता. एकाचं उत्तर दुसऱ्याला पटेना. तोकुएमोन मात्र खुलत चालला.

"गेनझो, कोणालाही येत नाहीये," तो हात चोळत म्हणाला. "हे शेवटच्या पानावर घालायचं आणि मागचं अंग कोरं सोडायचं. लोक वर्षभर डोकं खाजवतील. मोहेई जाता जाता काय देऊन गेला बघ."

मी म्हटलं, "उत्तर लिहायच्या आधी गेला, एवढंच असेल."

"तू लाकडाचा माणूस आहेस. तुला नाही कळायचं."

अशी बोलणी मला रोज ऐकावी लागतात. मी सुरीला धार लावत बसलो.

ओशिगे आली ती त्याच दिवशी दुपारी. सुतक फिटलं होतं. मुरवलेल्या मुळ्याची बरणी तिने माझ्या बायकोकडे दिली आणि कारखान्याच्या उंबऱ्याशी बसली. ती फार बोलणारी बाई नव्हे, पण बोलायचं ठरवलं की आडपडदा ठेवत नाही.

"भावजी, एक मागायला आलेय. यांच्या हातचा एक कागद मला द्या. देवघरात ठेवायला."

मी तोकुएमोनकडे पाहिलं. कागद त्याच्या मालकीचे होते.

"वहिनी, पुस्तक निघालं की पहिली प्रत तुमची," तोकुएमोन म्हणाला. "पक्कं. चांगल्या वेष्टनात बांधून देतो."

"छापलेलं घरात पुष्कळ आहे. ते भावजींच्या हातचं आहे. मला यांच्या हातचं हवंय." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "राग मानू नका."

राग कसला मानतो. वीस वर्षांत ही गोष्ट तोंडाने बोलणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं.

"घरात काहीच नाही का?" मी विचारलं.

"काही नाही. काढलं की तुमच्याकडे यायचं. तुमच्याकडे आलं की..." तिने जमिनीवरच्या भुग्याकडे पाहिलं. "शाई घोटायची पाटी, कुंचले आहेत. पण त्यावर त्यांनी काही काढलेलं नाही ना."

गाठोडं मधेच उघडं पडलं होतं आणि सगळ्यात वर ते शेवटचं चित्र होतं. तिची नजर त्यावर गेली. ती पुढे झाली, कागदाला हात न लावता वाकून बघत राहिली. मी उजेड एकवटायला टांगलेल्या पाण्याच्या काचगोळ्यातून फळीवर पडणाऱ्या उजेडाकडे बघत होतो, कारण तिच्या तोंडाकडे बघायला मला संकोच वाटला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

तोकुएमोन हसला. "अहो, असालही. चित्रकाराला समोर कोणीतरी लागतंच. पण उत्तर काय? तुम्हाला काही बोलले होते का?"

"उत्तर नाही. मी मोजा शिवतेय."

"ते दिसतंय हो. पण त्यातून काय निघतं?"

"काही निघत नाही. त्यांचा मोजा फाटला होता, तो मी शिवतेय." ती अजून चित्रच बघत होती. "ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी मागे बसलेली. ते कधी वळून बघतात हे मला माहीतच नव्हतं."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. थोड्या वेळाने तिने मान वर केली. "दुसरा कुठला नको. मला हाच द्या."

आता नेमका हाच कागद तोकुएमोन सोडणार नव्हता. तसा तो वाईट माणूस नाही. मोहेईच्या आजारपणात तोच घरी कोळसा पाठवत होता. पण धंद्यापुढे त्याला आई ओळखू येत नाही. मी मधे पडलो. म्हटलं, "याची नक्कल करू. नक्कल मी कोरतो, हा त्यांना देऊ."

"नकलेची रेघ मेलेली असते, हे तूच मला शंभरदा सांगतोस. आणि वेळ कुठाय? कागद आज तपासनिसांकडे चाललेत."

आमच्याकडे पुस्तक छापायच्या आधी त्याचा प्रत्येक कागद पुस्तकवाल्यांच्या संघात तपासला जातो. संघातलेच दोघे दर महिन्याला आळीपाळीने तपासनीस होतात. पसंत पडलेल्या कागदावर शिक्का मारतात, आणि शिक्क्याचा कागद जसाच्या तसा, शिक्क्यासकट, फळीवर कोरावाच लागतो. तिथे नक्कल चालत नाही. नापसंत कागद परत मिळत नाही, त्याच खोलीतल्या शेगडीत जळतो. म्हणजे शिक्का बसला तर तो कागद माझ्या सुरीखाली जाणार, नाही बसला तर विस्तवात. ओशिगेला हे ठाऊक होतं. इतकी वर्षं या धंद्यातल्या माणसाशी संसार केला होता तिने.

"बरं," असं म्हणून ती उठली. बरणी परत न्यायला विसरली.

एरवी तपासनीस म्हणजे आपलीच माणसं. या महिन्यात तू माझं पुस्तक सोड, पुढच्या महिन्यात मी तुझं सोडतो. पण ते वर्ष वाईट होतं. वरून हुकूम सुटला होता की चित्रांतून नटांची नावं, गणिकांची नावं, सरकारातल्या मोठ्या माणसांचे उल्लेख असं काही लपवून छापायचं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका पुस्तकवाल्याचं अर्धं दुकान जप्त झालं होतं, आणि त्याच्या कोरक्याला महिनाभर हातात बेड्या घालून घरी बसवलं होतं. बेड्या घातलेल्या माणसाला बायको भरवते. तो कोरक्या माझ्या ओळखीचा. सुटल्यावर त्याची बोटं वळेनात.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी संघाचं बोलावणं आलं, तोकुएमोनला, मला आणि ओशिगेला, तेव्हा मी आधी माझ्या मनगटांकडे पाहिलं.

त्या महिन्याचे तपासनीस होते क्यूझाएमोन आणि बुनशिची. क्यूझाएमोन औषधांची आणि उपदेशाची पुस्तकं विकतो. त्याला हसताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. बुनशिची वयाने लहान, नटांची चित्रं विकून वर आलेला, अंगात हुशारी नको इतकी. बाकी सगळ्या कागदांवर शिक्के बसले होते. मधोमध चटईवर मोजा शिवणारी बाई एकटी पडली होती, शेजारी शेगडी आणि कोळशाचा चिमटा.

"उत्तर सांगा," क्यूझाएमोन तोकुएमोनला म्हणाला.

"मालक, उत्तर नाही. म्हणजे असेल, पण कोणालाच येत नाही. तीच तर गंमत..."

"मला येतं," बुनशिची म्हणाला. चिमट्याच्या टोकाने तो एकेक वस्तू दाखवू लागला. "टोपी खिळ्याला. म्हणजे कोणीतरी पद सोडलं, किंवा सोडावं. कोण ते मी नाव घेत नाही. मांजरापुढे रिकामा वाडगा. खाणारे आहेत आणि खायला नाही. तांदळाचा भाव काय झालाय? खडाव पालथी. म्हणजे खालचे वर आणि वरचे खाली."

तोकुएमोनच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते मला पटत नाही," क्यूझाएमोन म्हणाला. मला जरा धीर आला, तो लगेच गेला. "मुख्य आहे तो दोरा. बाईच्या तोंडात दोरा आहे. तोंड शिवलंय. लोकांना बोलायची बंदी आहे, असं हा माणूस म्हणतोय."

"आणि अर्धा मुळा?" बुनशिचीने विचारलं.

"मुळ्याचं मी अजून बघतोय."

मी आपली मनगटं बाह्यांत ओढून घेतली. चित्रकार मरून सुटला होता. पुस्तकवाला आणि कोरक्या जिवंत होते.

"ओशिगेबाई," क्यूझाएमोन तिच्याकडे वळला. "तुमच्या यजमानांनी हे काय काढलंय?"

"मला काढलंय. मी मोजा शिवतेय."

"टोपी?"

"पावसात भिजली होती, वाळत घातलीय."

"मांजराचा वाडगा रिकामा का?"

"त्याने खाल्लं म्हणून. ते खातं आणि परत येऊन बसतं. तुमचं मांजर काय करतं?"

बुनशिचीला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

"मुळा अर्धा आहे," क्यूझाएमोन सोडेना.

"दोन माणसांना आख्खा कशाला लागतो?"

"आणि ही खडाव?"

"ते घरात शिरताना तशाच भिरकावायचे. एक नेहमी पालथी पडायची. मी उठून सुलटी करायचे. त्या दिवशी माझे हात गुंतले होते, म्हणून राहिली."

क्यूझाएमोनने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, तुमचा नवरा जन्मभर कोडी काढत होता. त्याच्या पानावर नुसतं पान म्हणून काही नसायचं. आणि शेवटी त्याने नुसतीच बाई काढली?"

"नुसतीच नाही. मला काढलं."

"पण का?"

"ते विचारायचं राहिलं," ओशिगे म्हणाली.

तिचा आवाज तेव्हाही चढला नाही, की भरून आला नाही. मी आणि मोहेई काही मोठे मित्र नव्हतो. त्याच्या रेघा बारीक, माझे डोळे अधू होत चाललेले, आमचं जास्त करून भांडणच. पण त्या खोलीत मला त्याची फार आठवण झाली.

तपासनिसांना अर्थातच पटलं नाही. कोडी काढणाऱ्याची बायको म्हणते यात कोडं नाही, यातच काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला त्यांना हसता येत नाही. मीही त्यात होतोच की, मांजर अर्धं करून बघत. इतकी वर्षं कोडी सोडवून सोडवून आमच्या गावात मांजराकडे मांजर म्हणून बघायची कोणाची टाप राहिली नव्हती.

"जाळा," क्यूझाएमोन म्हणाला आणि चिमटा हातात घेतला.

ओशिगेने दोन्ही हात चटईवर टेकले आणि ती वाकली. कपाळ चटईला लागलं.

"थांबा," बुनशिची म्हणाला. "जाळायचं तर वर लिहून पाठवावं लागेल. कागद कोणाचा आणि त्यात काय लपवलं होतं म्हणून जाळला."

"मग लिहा."

"काय लिहू?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता. टोपी, पद, तांदूळ."

बुनशिचीने कुंचला उचलला, शाईत बुडवला आणि तसाच धरून बसला. मग म्हणाला, "मी लिहिलं की टोपी म्हणजे अमुक मोठा माणूस, तर वरचे विचारतील, तुला कसं कळलं? चित्रात तर नाव नाही. नाव तुझ्या डोक्यात कुठून आलं?"

क्यूझाएमोनने चिमटा खाली ठेवला.

"त्यापेक्षा तुमचं लिहू," बुनशिची म्हणाला. "लोकांचं तोंड शिवलंय. क्यूझाएमोन यांचं मत, असं लिहितो."

"माझं मत?"

"आपणच सोडवलंत ना."

"मी सोडवलं नाही. मी शंका काढली."

"मग क्यूझाएमोन यांची शंका, असं लिहू?"

क्यूझाएमोनच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. कुंचला एकदा या बाजूला सरकला, एकदा त्या बाजूला. ज्याने उत्तर लिहावं त्याच्याच गळ्यात ते अडकणार, हे दोघांना कळून चुकलं होतं. तोकुएमोनकडे बघून बुनशिची म्हणाला, "तुम्हीच लिहा, कागद तुमचा आहे." तोकुएमोनला त्या क्षणी ऐकू येईनासं झालं.

शेवटी क्यूझाएमोनने घसा साफ केला. "बाई, उठा. तशा बसून दाखवा बघू."

ओशिगे उठली. आमच्याकडे पाठ करून, जरा वळून बसली. पायातला एक मोजा काढून तिने हातात घेतला. कनवटीची सुई काढली. ती बायांकडे असतेच. दोरा दातांत धरला. वाकल्यामुळे तिची एक बट सुटून मानेवर आली, ती तिने मागे सारली नाही. चटईवर कागद होता आणि त्याच्या पलीकडे ती. मोहेई भिंतीकडचं तोंड वळवून जे बघत होता ते आम्ही चौघं पुरुष थोडा वेळ बघत बसलो, आणि मला वाटतं चौघांनाही लाज वाटली. आम्हाला कोणी बघायला बोलावलं नव्हतं.

"हां," क्यूझाएमोन म्हणाला. "बाई आहे. मोजा शिवते आहे."

"मला पहिल्यापासून तेच वाटत होतं," बुनशिची म्हणाला.

मग क्यूझाएमोनने निकाल सांगितला. हा कागद कोडं नाही. कोडं नाही म्हणजे कोड्यांच्या पुस्तकातलं पान नाही. पान नाही म्हणजे संघाचा त्याच्याशी संबंध नाही, शिक्क्याचा प्रश्न नाही आणि जाळण्याचाही नाही. घरातला कागद चुकून गाठोड्यात आला, घरी घेऊन जावा. एवढं बोलून त्याने चहा मागवला, आणि स्वतःच सगळा प्यायला.

"पण मालक, माझं शेवटचं पान," तोकुएमोन म्हणाला.

"त्यावर दुसरं काहीतरी घाला."

ओशिगेने कागद दोन्ही हातांनी उचलला, ओच्यात घातला आणि एका पायात मोजा नसतानाच बाहेर पडली.

शेवटच्या पानावर आम्ही मोहेईचाच एक जुन्या पुस्तकातला पादणारा घातला. फळी माझ्याकडे होतीच. पुस्तक बरं खपलं. पण हमामखान्यात लोक तोकुएमोनला धरून विचारत, ते न सुटणारं कोडं कुठे गेलं? तो म्हणे, सुटलं. काय होतं, विचारलं की मान हलवून निघून जाई. त्यामुळे त्या कोड्याची कीर्ती अजूनच वाढली.

नववर्षात मी मोची घेऊन ओशिगेकडे गेलो. देवघराच्या वर भिंतीला तो कागद लावलेला होता. गल्लीतला न्हावी आणि त्याचा भाऊ त्याच्यापुढे बसून बोटांवर अक्षरं मोजत होते. ओशिगेने त्यांना हटकलं नाही. चहा दिला, ते दमून गेले, मग तिने मला चहा दिला.

मी चित्राकडे पाहत बसलो. मोहेईचा कागद हातात आला की माझी नजर पहिल्यांदा शोधते, सुरी कुठून घालायची. त्या दिवशी शोधण्यासारखं काही नव्हतं. दातांतला दोरा त्याने एका दमात ओढला होता, मानेवरची बट दोन रेघांत. त्या बटेला मी हात घातला असता तर चांगलीच कोरली असती, यात शंका नाही. पण ती कोरावी लागली नाही याचं मला फार बरं वाटलं.

"भावजी," ओशिगे माझ्या मागून म्हणाली. "एक विचारू का? हसू नका."

"विचारा."

"तुम्ही यांची इतकी कोडी कोरलीत. तुम्हाला त्यांच्या खोड्या ठाऊक." ती थांबली. "यात खरंच काही नाही ना? लोक येतात, सांगतात, ही खडाव म्हणजे हे, तो मुळा म्हणजे ते. मी हसते. पण एकटी असले की मीसुद्धा बघत बसते. यांनी माझ्यासाठी काही लिहून ठेवलं असेल आणि मला वाचता येत नसेल तर? पुस्तकात मागच्या अंगाला उत्तर असतं ना. परवा मी कागद काढून मागे बघितलं. कोरा आहे."

मी पुन्हा चित्र बघितलं. या खेपेला नीट, टोपीपासून मांजराच्या शेपटीपर्यंत. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"वहिनी, मोहेईला काही लपवायचं असतं तर त्याने पादणारा काढला असता."

ती आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिने बाही तोंडाशी नेली आणि बराच वेळ ती तिथेच ठेवली. मी मोची खात बसलो, दुसरं काय करणार.

मी निघतोय असं बघून ती माझ्याआधी उठली. दाराशी माझ्या खडावा मी येताना काढून टाकल्या होत्या तशाच होत्या, त्यातली एक पालथी. तिने वाकून ती सुलटी केली.